पाऊस : 1,850 रुपये

माझं अक्षर बरं आहे, एवढ्याच गुन्ह्यासाठी वाडीने मला चिखल नांगरणी स्पर्धेचा सेक्रेटरी केलं. नांगराला मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. पण संगमेश्वर तालुक्यात राहायचं म्हणजे पावसाळ्यात कुठल्या तरी मळ्यात बैलजोड्या चिखल उडवत पळणार आणि कुणीतरी त्याचा हिशेब लिहिणार, हे ठरलेलंच.

पहिली मारामारी तारखेवरून. लावणी आटपल्याशिवाय माणूस मोकळा नाही. बरं, आणखी उशीर केला तर श्रावण लागतो.

"सावनात घेवया की," कुणीतरी म्हणालं.

"आन् ज्येवनाला काय, वरनभात? मंग येनार कोन वो?" तात्यांनी विचारलं, आणि सभा एकदम गंभीर झाली.

म्हणजे लावणी संपल्यानंतरचा आणि श्रावणाआधीचा रविवार हवा. असा रविवार एकच निघाला आणि तो शेजारच्या गावालाही सापडला होता! जोड्या इथून तिथून त्याच, तेव्हा एका दिवशी दोन स्पर्धा शक्य नव्हत्या. दोन खेपा, सहा चहा आणि आमचा लाऊडस्पीकर फुकट, एवढ्यावर त्यांनी शनिवार पत्करला.

मुंबई मंडळाचं वेगळंच. त्यांचे सगळे निर्णय व्हॉट्सॲपवर, आणि गावात रेंज येते ती फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. मी आठवडाभर त्या पायरीवर बसून होतो. नव्या सुना मला नमस्कार करून जायला लागल्या.

मग गट. आमच्याकडे गावठी बैलांचा गट वेगळा नि घाटीचा वेगळा. गावठी म्हणजे इथलाच, लहानखुरा, चपळ. घाटी घाटावरून आलेला, थोराड. हे कागदावर सोपं वाटतं. पण एका जोडीतल्या उजव्या बैलाची आई गावठी आणि बाप घाटी निघाला. त्याला कुठे घालायचा? तपासणीला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी बैल तंदुरुस्त आहे का ते सांगतो. सोयरीक तुम्ही बघा." शेवटी बैलाच्या उंचीवरून नव्हे, मालकाच्या आवाजावरून तो गावठी ठरला.

पत्रिकेवर एकतीस नावं होती. त्यांच्या क्रमाबद्दल मी बोलणार नाही, मला याच वाडीत राहायचं आहे.

खरा घोळ देवळात झाला. स्पर्धेच्या चार दिवस आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गुरव वर्षभर लग्नांना, मुंजींना, पूजांना गाऱ्हाणी घालतो. तोंडात बसलेलं वाक्य सवयीने निघालं : "...आनि पावसाचा इघ्न टाळ रं म्हाराजा!" आम्ही चाळीस जणांनी एका सुरात ठोकून दिलं, "व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता. सेक्रेटरीचाच जरा मोठा.

देवाने ऐकलं. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस झोडपणाऱ्या या जिल्ह्यात, ऐन पुष्य नक्षत्रात, लख्ख ऊन पडलं. आधीच्या पुनर्वसूचा पाऊस, ज्याला तरणा म्हणतात, तो झोडपून गेला होता, पण हा पुष्याचा म्हातारा काही केल्या घराबाहेर पडेना. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मळ्यातला चिखल घट्ट होऊन त्यावर कुत्र्याची पावलं उमटायची, माणूस रुतायचा नाही. कोकणात पाऊस नाही म्हणून कार्यक्रम अडला, हे मुंबईला कळवायला मी पायरीवर गेलो, तर तिकडून उत्तर आलं, "मस्त! रेनकोट आणत नाही."

तात्या गुरवाला म्हणाले, "गाऱ्हाना मागं घे." गुरव म्हणाला, तशी पद्धत नाही.

मग शनिवारी रात्री पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, डिझेलपंप लावला. पहाटेपर्यंत चौघे जण कंदील घेऊन बांधावर बसले, आणि उजाडता उजाडता गुडघाभर चिखल झाला. स्पर्धा झकास झाली. वादातला बैल गावठीत पहिला आला, त्यामुळे नवा वाद लागला, तो चालूच आहे. चार वाजता बक्षीस समारंभाला पाहुणे बोलायला उभे राहिले आणि म्हातारा आला. असा आला की मांडव, पाहुणे आणि एकतीस नावांचा बॅनर एकाच वेळी खाली बसले.

पुढच्या सभेत मी हिशेब वाचला. पंपाचं भाडं आणि डिझेल मिळून जी रक्कम झाली, ती कुठल्या खात्यावर टाकावी हे न सुचून मी लिहिलं होतं : पाऊस, 1,850 रुपये. सभा शांत झाली. मग मुंबईहून मुद्दाम आलेले खजिनदार चष्मा पुसत उठले.

"चार वाजता जो फुकट मिळाला," ते म्हणाले, "तो यातून वजा केलात काय?"