सांता मारिया वादळात बुडाली नव्हती

'सांता मारिया हे कोलंबसाचे सर्वांत उत्तम जहाज. अमेरिकेची जमीन पहिल्यांदा त्यावरूनच दिसली. पुढे ते वादळात बुडाले.' हा मजकूर सगळीकडे फिरतो. तीन विधाने, तिन्ही चुकीची.

सर्वांत उत्तम? सांता मारिया, पिंटा आणि नीना या कोलंबसाच्या तीन जहाजांत मोठे, एवढेच खरे. 'नाओ' जातीचे हे मालवाहू जहाज जड, मंद आणि तळ पाण्यात खोल जाणारे होते. अनोळखी, उथळ किनाऱ्यावर नेमका तोच धोका. शोधकार्याला ते योग्य नव्हते, असे खुद्द कोलंबसाच्या रोजनिशीतच येते. अर्थात ते फुटल्यावर.

जमीन 12 ऑक्टोबर 1492 च्या पहाटे दोनच्या सुमारास दिसली, ती पुढे धावणाऱ्या पिंटावरून. हाळी रोद्रिगो दे त्रियाना या खलाशाची.

आता वादळ. 24 डिसेंबरच्या रात्री हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र शांत होता. कोलंबस झोपला, सुकाणूवाल्यानेही एका पोराच्या हाती दांडा देऊन डोळे मिटले. प्रवाहाने जहाज अलगद वाळूच्या उथळ्यावर नेले. अशा वेळी होडीने नांगर मागच्या खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि दोर ओढून जहाज मागे खेचायचे. हुकूम तोच होता, पण होडीतली माणसे थेट नीनाकडे पळाली; नीनाने त्यांना घेतले नाही. (ही हकीकत कोलंबसाची, तेव्हा दोष दुसऱ्यांवर जाणारच.) भार कमी करायला डोलकाठी तोडली, तरी ओहोटीने जहाज कलंडले आणि फळ्यांचे सांधे उघडले. स्थानिक प्रमुख ग्वाकानागारीच्या माणसांनी सामान उतरवून दिले. जहाजाच्या लाकडातून ला नाविदाद ही गढी उभी राहिली. तिथे 39 जण मागे ठेवले.

खरे वादळ परतीच्या वाटेवर, फेब्रुवारी 1493 मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ आले आणि ते झेलले छोट्या नीनाने. जाताना कॅनरी बेटांवर तिची त्रिकोणी शिडे उतरवून चौकोनी चढवली होती. (रोजनिशीच्या उपलब्ध संक्षेपात इथे पिंटाचे नाव आहे, बहुतेक इतिहासकार मात्र ही नीनाच मानतात.) वारा सतत पाठीमागून असला की चौकोनी शीड स्थिर भरते. त्रिकोणी शिडाची लांब तिरकी काठी अशा वाऱ्यात सांभाळणे अवघड, आणि शीड अचानक उलटले तर काठीच मोडते. कोलंबस 4 मार्चला लिस्बनजवळ पोचला आणि 15 मार्चला स्पेनमधल्या पालोस बंदरात, दोन्ही वेळा नीनावरूनच. 1493 च्या दुसऱ्या सफरीतही नीना होती.

2014 मध्ये सांता मारियाचे अवशेष सापडल्याची बातमी आली होती, तीही अजून फिरते. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी ती खोडून काढली: तिथले सांधे तांब्याच्या खिळ्यांचे, म्हणजे जहाज बऱ्याच नंतरच्या काळातले.