चांदरचा वाडा आणि आजीचं मागचं दार

परवा परत कुणीतरी चांदरच्या ब्रागांझा वाड्याचे फोटो टाकले, कॅप्शन काय तर 'गोव्यातलं सुंदर पोर्तुगीज घर'. अरे बाबांनो, पोर्तुगीज कुठलं! आडनाव तेवढं तिकडच्या राजघराण्याचं, माणसं इथलीच, ख्रिस्ती झालेली गोंयकार.

मी गेल्या पावसाळ्यात गेले होते. चर्चसमोर रस्ताभर पसरलेलं घर, खिडक्यांची रांग संपतच नाही. मधला जिना एकच आणि वर गेलं की दोन बिऱ्हाडं, पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेला परेरा ब्रागांझा. झुंबरं, चिनी मातीची भांडी, नाचाचा हॉल, पूर्वेकडच्या चॅपेलमध्ये तर सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख ठेवलंय. सगळं बघून झाल्यावर दारातल्या डोनेशन बॉक्समध्ये पैसे टाकले आणि मला एकदम आमची आजी आठवली.

आजी केप्याकडची, तिच्या माहेरचे एका दुसऱ्याच भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, मुंडकार. म्हणजे माड त्याचे, जमीन त्याची, तुम्ही त्यात झोपडी बांधून राहायचं, माडांवर लक्ष ठेवायचं, बोलावलं की कामाला जायचं, आणि स्वतःच्या घराचं छप्पर शाकारायचं तरी आधी विचारायचं. भाटकाराच्या घराबद्दल विचारलं की ती एवढंच सांगायची, "आमी फाटल्या दारान वतालीं," म्हणजे आम्ही मागच्या दाराने जायचो. पुढचा जिना तिने आयुष्यात चढला नाही. त्यामुळे ही झुंबरं बघताना मला त्यांच्या टेस्टचं कौतुक कमी आणि नारळ पाडणाऱ्या पाडेलीने किती माड चढले असतील त्याचाच हिशोब जास्त सुचतो, काय करणार.

पण हे घर एवढ्यावर झटकून टाकता येत नाही, तिथेच तर माझी पंचाईत होते. लुईस द मिनेझिस ब्रागांझा याच घरातले. 1900 साली मेसियास गोमिश यांच्यासोबत 'ओ हेराल्दो' काढला, गोव्यातला पहिला पोर्तुगीज दैनिक पेपर, आणि 1930 मध्ये सालाझारने, म्हणजे पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्याने, वसाहतींवरची पकड घट्ट करणारा कॉलोनियल अ‍ॅक्ट आणला तेव्हा गोव्याला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क आहे असा ठराव कौन्सिलमध्ये मांडायची हिंमत केली. त्यांची लायब्ररी अजून तिथे आहे. गोवा मुक्तीच्या लढ्यातले नेते टी. बी. कुन्हा पण चांदरचेच, 1946 मध्ये पकडून थेट पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात नेऊन टाकलं त्यांना. म्हणजे माडाच्याच पैशातून झुंबरंही आली आणि सालाझारला उलट उत्तर देणारी माणसंही. मुंडकारांसाठी मात्र यातलं कोण किती बोललं, हा प्रश्न मी विचारणारच, राग आला तर येऊ दे.

गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यावर चित्र पालटलं. 1964 चा कूळ कायदा, मग 1975 चा मुंडकार कायदा, कुणी उठवू शकत नाही आणि राहतं घर विकत घ्यायचाही हक्क. भाटांचं, म्हणजे माडांच्या बागांचं, उत्पन्न आटलं, आणि एवढं छप्पर दर पावसाळ्याआधी सांभाळायचं म्हणजे काय खर्च असतो ते कौलारू घर असलेल्यालाच कळेल. म्हणून तो डोनेशन बॉक्स. त्याला मी हसणार नाही.

वर गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेला तो सिव्हिल कोड, लग्न आणि वारशाचे नियम. मुलगा-मुलगी सारखे वारस, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि आई-बापाने मनात आणलं तरी अर्ध्याच्या वर कुणाला देता येत नाही. बायकांसाठी सोन्यासारखा कायदा, मी त्याच्या बाजूनेच आहे! पण दोनतीन पिढ्या गेल्या की एका घराला वीस मालक, निम्मे परदेशात, आणि मग दाराला कुलूप. गोवाभर दिसतात अशी घरं.

आणि हे फक्त भाटकारांचंच होतं असं कुणी समजू नये. आजीच्या भावाने मुंडकार कायद्याखाली ती दोन खोल्यांची जागा घेतली, केवढं कौतुक झालं होतं घरात. आता तिला अकरा वारस आहेत. मागची भिंत दोन वर्षांपूर्वी पडली, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलंय. दहा झाल्या. अकरावा पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला गेलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.