‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

साताऱ्यात विमान आणि अवकाश क्षेत्राला लागणारे कारागीर घडवायचे असतील तर कारखानदार, आयटीआय-इंजिनिअरिंग कॉलेजं आणि सरकार यांनी एकत्र बसावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया थोडक्यात अशी : ट्रॅक्टरचे पार्ट पाडणारी आपली पोरं विमानाचं काम काय करणार, करार होतात ते फोटोपुरते, शिकलेला पोरगा शेवटी बेंगळुरूलाच पळणार, आणि इथे ऑर्डर देणार कोण? वर, ‘एसीत बसून पोरांना गाजर दाखवू नका.’

मतभेदाला माझी ना नाही. पण ओळख ना पाळख, आणि थेट एसी? अहो, मी आयटीआयचा टर्नर. उमेदवारीत, म्हणजे अप्रेंटिस असताना, मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या शिव्या खाऊन लेथ शिकलो. ‘ट्रॅक्टरचे पार्ट पाडणारी पोरं’ हे वाक्य झोंबलं ते त्यामुळेच, कारण त्या पोरांतला एक मी आहे. तुम्ही शॉपमध्ये शेवटचं पाऊल कधी टाकलंत, तेही कळवा एकदा.

मशीन तेच असतं हो. फरक मालात आणि कागदात. टायटॅनियममधून उष्णता लवकर निघून जात नाही, ती टूलच्या टोकाशीच साचते. म्हणून स्पीड बेतानं ठेवायचा, कूलंट भरपूर सोडायचं. घाई केली की इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, गेलाच. एवढं चांगल्या टर्नरला शिकवता येतं. अवघड आहे ती सवय. ओरखडा दिसला की गुपचूप पॉलिश पेपर मारून जॉब पुढे ढकलायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. विमानाच्या कामात ती चालत नाही. बारचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या घाणीतला ते सांगणारा आकडा, जॉबसोबत शेवटपर्यंत चालतो, आणि पहिला नग ड्रॉइंगवरच्या एकेका मापाला तपासून नोंदवावा लागतो.

एक उमेदवार माझ्यासमोर मायक्रोमीटरचं थिंबल (फिरवायची नळी) आवळून आवळून माप ‘बसवत’ होता. म्हटलं, टोकाच्या रॅचेटनं फिरव, टकटक झालं की थांब. माप मिलिमीटरच्या दोन शतांशानं जास्त भरलं. शीटवर त्यानं आधीच आकडा लिहिला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं त्यावर एकच रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला आणि सही केली. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एएस 9100 हे विमान क्षेत्राचं गुणवत्ता मानक पाळणाऱ्या कारखान्याला असा हात लागतो, आणि तो हात ट्रॅक्टरच्या पार्टवर बसलेला होता.

पण ही सवय एकट्या आयटीआयला लावता येत नाही, तिथे खरा जॉब नसतो. एकट्या छोट्या कारखानदारालाही नाही, त्याला सीएमएमसारखं महागडं मोजमाप यंत्र झेपत नाही. म्हणून तिघं. उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे, 2016 पासून केंद्र सरकार विद्यावेतनातला काही वाटाही उचलतं. आणि कमवत शिकायचं हे सातारकरांना मी सांगायचं? 1919 साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात?

फोटोचं मात्र मान्य. हारतुरे दणक्यात होतात आणि फाईल कपाटात जाते. यात तुमचं बरोबर आहे.

बेंगळुरूचं काय घेऊन बसलात? तिथला विमान कारखाना 1940 साली काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानानं हात दिला म्हणून तो तिकडे उभा राहिला. तेव्हा पोरं पळतात म्हणून त्यांना शिकवायचंच नाही, हा न्याय मला कळत नाही. ऑर्डरचं म्हणाल तर राज्यानं 2018 साली एरोस्पेस धोरण आणलं, नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी कंपनीचा विमान कारखाना आहे. त्यावर सवडीनं लिहीन.

आणि हो, पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. टोपणनावाला एवढं लांब उत्तर मी पुन्हा देणार नाही.