‘सोलापुरात बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

रानवाटसरू सर, नमस्कार. फक्त सिंहगडाच्या माथ्यावर सापडणाऱ्या कोंडाणा उंदरावरच्या माझ्या पोस्टखाली तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, डोकं फिरलं. इतरांसाठी थोडक्यात: तो सापडतो तिथली उंची चुकलीय, असले मऊ केसांचे उंदीर तुमच्या ज्वारीत ढिगानं आहेत, संख्येचा आकडा कुठाय, आणि वर "सोलापुरात बसून सिंहगडाच्या उंदराचं रडगाणं गाणं सोपं असतं."

उंची मान्य. मी १३०० मीटर लिहिलं, नोंद १२७० ची आहे. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता ते "सोलापुरात बसून". हेच जरा नीट विचारता आलं असतं की ओ. चादर आणि शेंगाचटणी सोडून आम्हाला काही कळत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? माझं गाव नान्नजच्या शेजारी. तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं, आणि एके काळी त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती, सोलापूर-नगर धरून, गावंच्या गावं आणि लोकांची बागायती त्यात. जमिनीचा व्यवहार अडला म्हणून आमच्या घरात जी भांडणं झाली ती मी ऐकलीयत, वडिलांच्या लोखंडी पेटीत त्या सातबाऱ्याची घडी पार फाटलीय, आणि आजी तर भाकरी थापता थापता त्या पक्ष्याला शिव्या द्यायची. पुढं हद्द कमी करून १,२२२ वर आणली. आणि पक्षी? आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

तर हे सगळं सोलापुरात बसूनच बघितलंय, सर. कागदावर जिल्हाभर पसरलेलं अभयारण्य असून जे झालं ते ज्यानं पाहिलंय, त्याला या उंदराचं सगळं घर म्हणजे सिंहगडाच्या माथ्यावरचा साधारण १ चौरस किलोमीटर, हे वाचून पोटात गोळा येणारच. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २०११ ला अतिसंकटग्रस्त प्राण्यांची पुस्तिका काढली, तिच्यात हा उंदीर याच एवढ्याशा पठारासकट नोंदवलेला आहे, आणि धोके काय लिहिलेत तर अधिवास जाणं, अति चराई आणि पर्यटन. हे मी घरी बसून रचलेलं नाही. शिवाय मी शिकायला पुण्यात होतो, गडावर कितीदा गेलो ते मोजलेलं नाही, रविवारी तिथं काय चालतं ते तुम्हीही बघितलं असेलच. कल्याण दरवाजाच्या बाजूला करवंदीच्या जाळीत पिठल्याचे डाग पडलेल्या कागदी प्लेटा, ताकाचे प्लॅस्टिक ग्लास, आणि त्यांच्याच मधे ताजी उकरलेली माती. बीळ कुणाचं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण हा प्राणी निशाचर, बिळात राहणारा, आणि झुडपात राहणारा आहे. ते झुडूपच गेलं तर तो काय पार्किंगमधे राहणार?

तुम्ही म्हणता तो ज्वारीतला उंदीर वेगळा, सर. तो मिलार्डिया मेल्टाडा, पाकिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत शेतातून सापडतो, त्याला काही झालेलं नाही. कोंडाण्याचा त्याचा भाऊबंद, पण वेगळी जात, १९७५ मधे मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी तशी मांडली. एवढं तरी बघून लिहायचं.

"उंदीरच आहे, वाघ नाही" असंही तुम्ही मधेच टाकलंय. कायद्यालाही इतकी वर्षं असंच वाटत होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर सरसकट उपद्रवी म्हणून होते, कावळ्यांच्या शेजारी, कुठला दुर्मीळ आणि कुठला घरातला असा काही भेद नाही. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढली. तेव्हा या बाबतीत तुम्ही एकटे नाही, एवढं समाधान मानून घ्या.

संख्येच्या आकड्याचं म्हणाल तर ही पोस्ट आहे, पीएचडी नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आणि हो, तुमची पहिली कमेंट जशीच्या तशी ठेवलीय. दुसरीतला "अर्धवट" हा शब्द तेवढा काढलाय, कारण हा ब्लॉग माझी आईपण वाचते.