‘निवृत्तांचा टाइमपास’ या शब्दांविषयी

सप्रेम नमस्कार.

परळच्या आमच्या रविवारच्या बुद्धिबळ कट्ट्याविषयी मी लिहिलेला लेख आपण शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : मानांकन (खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) देणाऱ्या स्पर्धा भरवल्याशिवाय मुले टिकत नाहीत, कट्ट्यावर मुली जवळजवळ नाहीत, याचा मी विचार केलेला नाही, जागा आणि खर्च यांचा हिशेब दिलेला नाही, आणि ‘ही बुद्धिबळाची चळवळ नव्हे, हा निवृत्तांचा टाइमपास आहे’.

आधी माझी चूक मान्य करतो. फिडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, हिच्या मानांकनाची किमान पातळी मी १००० लिहिली होती. मार्च २०२४ पासून ती १४०० आहे. ही चूक आपण दाखवलीत ते बरेच झाले. मात्र ती दाखवताना ‘अभ्यास करून लिहीत जा’ असे सुनावण्याचे कारण नव्हते.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. काही आठवड्यांतच आमच्या चाळीच्या गॅलरीत दुपारचे पट मांडले जाऊ लागले. आमचा पट पुठ्ठ्यावर शाईने आखलेला होता आणि हरवलेल्या काळ्या उंटाच्या जागी गिरणीतल्या बॉबिनचा कापलेला तुकडा उभा असे. पगार बंद होता, वाण्याची उधारी वाढत होती, तरीही हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे हा नियम त्या गॅलरीत कोणी मोडला नाही आणि मोडू दिला नाही. मी आणि मजल्यावरची आणखी पाच-सहा मुले तिथेच खेळायला शिकलो. आपण ज्याला टाइमपास म्हणता, तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे; म्हणून हा शब्द मला लागला, आणि तो लागावा अशाच बेताने वापरला गेला असावा असे वाटते.

आजच्या कट्ट्यावर काय घडते, हे न येताच आपण ठरवून टाकलेत. मागच्या महिन्यात बारा वर्षांचा एक मानांकित मुलगा एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याशी खेळताना हत्तीच्या शेवटात, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादी एवढीच उरली असताना, जिंकत आलेला डाव बरोबरीत सोडवून बसला. आजोबांनी पट आवरला नाही. त्यांनी स्थिती आठवणीने पुन्हा मांडली, मुलाचे प्यादे सहाव्या ओळीत ठेवले आणि त्याच्या पुढे अडकून पडलेला हत्ती उचलून मागे नेला. प्यादे पुढे सरकते तशी मागच्या हत्तीला जागा वाढत जाते आणि पुढच्याची कमी होते, एवढेच ते बोलले. पुढची चाळीस मिनिटे दोघे त्याच एका स्थितीवर बसून होते. स्पर्धेत ही चाळीस मिनिटे कुठून मिळणार? तिथे डाव संपला की डबा उघडायचा आणि पुढच्या फेरीची जोडी बघायला धावायचे.

मानांकनाला माझा विरोध नाही. दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्याने चार डावांतून साधारण तीन गुण मिळवावेत, असा तो मागच्या निकालांवरून बांधलेला अंदाज आहे. एखादे मूल पुढच्या रविवारी पटावर बसेल का, हे त्यातून कळत नाही. विश्वनाथन आनंद लहानपणी चेन्नईच्या ‘ताल’ नावाच्या बुद्धिबळ क्लबमध्ये झटपट डाव खेळत. हरणारा उठे आणि जिंकणारा बसून राही. स्पर्धाही ते भरपूर खेळले, हे मला ठाऊक आहे. परंतु १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर ठरलेला खेळाडू अशा बैठकीतही घडला, हे आपल्या हिशेबात कुठे बसते?

टाळेबंदी वगळता गेली सोळा वर्षे मी दर रविवारी ती खोली उघडली आहे. आमच्याकडे शिकलेली सात मुले एका शिकवणीवर्गाने ‘सहा महिन्यांत मानांकन’ असे सांगून नेली. त्यांपैकी आज दोनच खेळतात. मुले कशाने टिकतात, हे मला दुसऱ्याकडून शिकायचे नाही.

मुलींविषयी इतकेच, की आमचे दार कोणालाही बंद नाही. बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनी याच मुंबईच्या. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. ज्यांना खेळायचे असते त्या येतात. जागा आणि वर्गणी हा कट्ट्यावर येणाऱ्यांचा आपसातला प्रश्न आहे. तो इथे मांडण्याची मला गरज वाटत नाही.

किमान मानांकनाची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. बाकी मजकूर आहे तसाच राहील.