टॉवर पोडियमवर उभा असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘पोडियमचा उगाच बाऊ करताय. टॉवर पोडियमच्या माथ्यावर फिक्स धरायचा, रिअ‍ॅक्शन खाली द्यायच्या, वीस वर्षं हेच करतोय,’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे टॉवर आणि पोडियम (त्याच्या पायथ्याचा रुंद, बुटका भाग) यांचा हिशेब वेगवेगळा करायचा. ‘ही पद्धत सरसकट चूक’ हे माझं वाक्य जरा जास्तच झालं, ते मागे घेतो. अमेरिकेच्या एएससीई ७ या इमारतींवरच्या भारांच्या मानकात असं दोन टप्प्यांचं विश्लेषण आहेच. पण अटींसकट: खालचा भाग वरच्यापेक्षा किमान १० पट ताठ हवा आणि अख्ख्या इमारतीचा आवर्तनकाल (एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ) वरच्या भागाच्या १.१ पटीच्या आत हवा.

माझी अडचण वेगळी आहे. आपल्या पार्किंग पोडियममध्ये लिफ्टचा कोअर, म्हणजे तिच्याभोवतीच्या काँक्रीट भिंतींचा गाभा, माथ्यावर थांबत नाही, थेट राफ्टपर्यंत (तळाच्या सलग पायापर्यंत) जातो. गुढीची काठी खिडकीच्या गजांना दोन ठिकाणी बांधतो ना, तसं. वाऱ्याने काठी कलली की वरची गाठ तिला मागे खेचते आणि खालची बरोबर उलट दिशेला. पोडियमचा स्लॅब ही वरची गाठ. तिच्याखाली कोअरमधला शिअर (आडवं कापणारं बल) दिशा बदलतो, कधी वरच्यापेक्षाही मोठा होतो. समजण्यापुरता हिशेब: पोडियमच्या माथ्यावर कोअरमधला मोमेंट (वाकवणारा जोर) ६ लाख किलोन्यूटन-मीटर, निम्मा पोडियमने घेतला, दोन गाठींत अंतर १५ मीटर. म्हणजे स्लॅबमधून आडवं जाणारं बल २०,००० किलोन्यूटन, साधारण दोन हजार टन! आणि आर्किटेक्टने रॅम्पचा कटआउट (स्लॅबमधली मोकळी जागा) नेमका कोअरला खेटून दिलेला.

ईटॅब्स या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिजिड डायफ्रॅम दिलात, म्हणजे स्लॅब आडव्या पातळीत अजिबात न ताणणारा धरलात, तर हे बल दिसणारच नाही, सेमी-रिजिड द्या. स्लॅब किती तडकेल ते आधी कळत नाही, म्हणून दोन रन: ताठपणा जास्त धरला की बल स्लॅबवर येतं, कमी धरला की मोमेंट पायावर.

बेस शिअर (भूकंपात इमारतीच्या पायाशी येणारं एकूण आडवं बल) अचानक का वाढला, असंही विचारलंत. रुंदी कुठली टाकलीत ते बघा. आयएस १८९३ (२०१६) या भारतीय भूकंप-मानकातलं आवर्तनकालाचं सूत्र: ०.०९ गुणिले उंची, भागिले पायाच्या रुंदीचं वर्गमूळ. १२० मीटर उंचीला टॉवरची २५ मीटर रुंदी घेतली तर २.१६ सेकंद, पोडियमची १०० घेतली तर १.०८. आवर्तनकाल निम्मा झाला की, किमान बेस शिअरची अट आड आली नाही तर, बल थेट दुप्पट. बारा मोडमध्ये (कंपनाच्या बारा प्रकारांत) इमारतीचं ९० टक्के मास भरत नाही तेही पोडियममुळेच, मोड वाढवा.

जॉइंट (मधे फट) देऊन टॉवर पोडियमपासून सुटा करायची तुमची सूचना चांगली आहे. फक्त पावसाळ्यात त्या जॉइंटखाली गाडी कोण लावणार, ते सोसायटीला आधी विचारून घ्या.