‘वाटरकान्ट’चा इंग्रजीशी काय संबंध?

जर्मन शिकणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘वाटरकान्ट म्हणजे समुद्रकिनारा, कुठलाही. यातलं वाटर इंग्रज खलाशांकडून आलं, कान्ट मात्र अस्सल जर्मन. मच्छीमारांच्या अशुद्ध जर्मनमधला हा शब्द.’ यातलं ‘समुद्रकिनारा’ तेवढं धरून चालू, तेही अर्धंच.

आधी वाटर. हा शब्द लो जर्मनचा, उत्तर जर्मनीच्या जुन्या भाषेचा. साधारण सहाव्या ते आठव्या शतकात दक्षिणेकडच्या बोलींमधली व्यंजनं बदलली. ‘ट’च्या जागी ‘स’ आला, ‘प’च्या जागी ‘प्फ’. उत्तरेला हा बदल पोचलाच नाही. म्हणून प्रमाण जर्मनमध्ये वासर, दास, आप्फेल. लो जर्मनमध्ये वाटर, दाट, आपेल. इंग्रजीही या बदलातून सुटली, म्हणून तिच्याकडे वॉटर. चुलत बहिणींचा तोंडवळा जुळला म्हणून एकीला दुसरीची लेक ठरवायची का?

गंमत पुढे आहे. कान्ट म्हणजे कड, आणि ज्याला अस्सल म्हणून मिरवताय तोच भाग बाहेरचा! जुन्या फ्रेंचमधून तो डच आणि लो जर्मनमध्ये शिरला. त्याच्याही मागे लॅटिन ‘कान्थुस’: चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. आपल्या बैलगाडीच्या चाकाला धाव असते ना, तीच. (तत्त्वज्ञ कान्टला कृपया यात ओढू नका.)

‘कुठलाही किनारा’ हेही खरं नाही. डचमध्ये वाटरकान्ट म्हणजे कुठल्याही पाण्याचा काठ. एकेकाळच्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, पारामारिबोला नदीकाठच्या रस्त्याचं नावच ते आहे. जर्मन माणूस मात्र हा शब्द आपल्या उत्तरेच्या किनाऱ्यासाठी, त्यातही मुख्यतः उत्तर समुद्राच्या काठासाठी राखून ठेवतो आणि थोड्या लाडानेच वापरतो. निबंधात गोव्याच्या किनाऱ्याला वाटरकान्ट लिहिलंत तर मास्तर हसतील. तिथे साधं ‘क्युस्टं’ लिहा.

राहिलं ‘अशुद्ध’. ल्युबेक, हांबुर्ग, ब्रेमेनच्या हान्सा (उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा जुना संघ) व्यापाऱ्यांचे करारमदार आणि पत्रव्यवहार शतकानुशतकं याच लो जर्मनमध्ये चालले. धर्मसुधारक मार्टिन लूथरने जर्मनमध्ये आणलेलं संपूर्ण बायबल १५३४ साली निघालं. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, ल्युबेकला ते लो जर्मनमध्ये छापून झालं होतं. आणि १९९९पासून युरोपच्या प्रादेशिक भाषांच्या सनदेखाली जर्मनीत तिला स्वतंत्र भाषा म्हणून संरक्षण आहे.